दुखणारा पाय भाजला तेव्हा

ऑपरेशन झालं की दुखणं संपतं, असं मला वाटत होतं. मलाच काय, सगळ्या गावाला वाटत होतं. मणक्यात नस दबलीय, ती मोकळी केली की झालं, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि त्यांनी ती केलीही. कमरेला पट्टा बांधून मी घरी आलो तेव्हा बघायला आलेली माणसं माझ्या तोंडाकडं बघत नव्हती, पट्ट्याकडं बघत होती.

"मग, झालास ना मोकळा?" शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"झालो की."

हे म्हणताना डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत माझ्या पायात आग चालली होती. ऑपरेशनच्या आधी होती तीच. आधी थोडं चाललं की खाली बसावं लागायचं, तेवढं सुटलं. आग राहिली. पण इस्पितळ, जावयाची धावपळ, बायकोची जागरणं, एवढं सगळं झाल्यावर 'अजून दुखतंय' म्हणायचं कुठल्या तोंडानं? आणि मी जन्मात कुणाला दुखतंय म्हटलेलं नाही. ऐन लावणीत पायात काच घुसली होती, ती बांधावर बसून मीच काढली आणि परत चिखलात उतरलो.

आमचं गाव गडबपासून आत. पावसात भात, आणि भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हापासून माझं सगळं आयुष्य उकिडवं बसून गेलं. वालातलं तण बेणायचं उकिडवं बसून, शेंगा तोडायच्या उकिडवं बसून, चार माणसांत बोलायचं तेही उकिडवं बसूनच. आता उकिडवं बसलो की उठताना मला कुणाचा तरी हात लागायचा. तो नको म्हणून मी बसायचंच सोडलं. चार जण बसलेले आणि मी एकटा उभा, असं व्हायला लागलं.

सहा महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांनी परत फोटो काढला. उजेडापुढं धरला आणि खूश झाले. "उत्तम आहे. सगळं मोकळं आहे. आता दुखायला नको."

त्या 'नको'चा मला फार राग आला. फोटोत उत्तम आहे तर मग रात्रंदिवस माझ्या पायात कोण बसलंय? पण मी काय केलं, तर मान हलवली आणि नमस्कार करून बाहेर आलो.

माझी एकुलती लेक रोह्याला दिलीय. जावई धाटावला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. लेकीनंच कुठून तरी शोधून काढलं की पेणला एक डॉक्टरीण येते, ती फक्त दुखण्याचंच बघते.

"फक्त दुखण्याचं म्हणजे? बाकीचे डॉक्टर काय बघतात?"

"बाकीचे आजार बघतात, बाबा."

डॉक्टरीण माझ्या लेकीपेक्षा लहान दिसत होती. तिनं फोटो बघितला आणि बाजूला ठेवून दिला. हे मला आवडलं. मग म्हणाली, "काका, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही. दहा म्हणजे याच्यापेक्षा जास्त दुखूच शकत नाही. तुमचं किती?"

"दोन."

बायको खुर्चीतून अर्धी उठली. "दोन? अवो, पहाटे उशी चावीत होता तो कोन? मॅडम, ह्यांच्या दोनावर जाऊ नका. आठ लिवा."

"दुखतंय तुला का मला?"

"तुमाला. पन ऐकते मी."

डॉक्टरीण हसली नाही. तिनं दोन्ही आकडे लिहून घेतले. मग तिनं सांगितलं की ऑपरेशन चांगलंच झालंय, त्यात कुणाची चूक नाही. पण नस इतकी वर्षं दबून राहिली की आता वरचं ओझं काढलं तरी ती ओरडायची थांबत नाही. तिच्याभोवती आत खपलीसारखंही काही धरलेलं असतं. असं पुष्कळांचं होतं. दुखणं खरं आहे, मनाचे खेळ नाहीत. एवढं ऐकल्यावर बायकोनं पदर डोळ्यांना लावला आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मग वर्षभर तिचे उपाय चालले. आधी गोळ्या. दुखणं मारायच्या नव्हेत, नस शांत करायच्या. त्यांनी आग थोडी मंदावली, पण बांधावरून चालताना सगळं शिवार होडीत बसल्यासारखं हलायला लागलं. तिनं गोळी कमी केली. मग नसेच्या मुळाशी इंजेक्शन दिलं. त्यानं मी काही आठवडे माणसात आलो, आणि मग एका सकाळी आग जिथली तिथं. रोह्याला एका बाईंकडं व्यायामाला पाठवलं. त्या बाई म्हणायच्या, रोज थोडं चाला, पण दुखायच्या आधी थांबा. हे मला सगळ्यात अवघड गेलं. काम संपायच्या आधी थांबायचं मला कुणी शिकवलेलंच नव्हतं. मी दुखेपर्यंत चालायचो, मग दोन दिवस पडून राहायचो, आणि बाईंना सांगायचो की थांबलो होतो.

शेवटी डॉक्टरीण म्हणाली, आता तारा घालून बघू. सुईतून दोन बारीक तारा पाठीच्या कण्यात सोडायच्या, बाहेर कमरेला एक डबी. डबीतून बारीक वीज जाते आणि नसेची ओरड मेंदूपर्यंत पोचण्याआधी अडवते. आठवडाभर नुसतं करून बघायचं. दुखणं निम्मं झालं तर पुढं कातडीखाली कायमची बॅटरी बसवायची. नाही झालं तर तारा ओढून काढायच्या, विषय संपला. हे काम पेणला होत नव्हतं, पनवेलच्या पुढं जावं लागणार होतं. जावयाच्या कंपनीच्या विम्यात सासूसासऱ्याची नावं होती, त्यातून ते बसत होतं. जावयाच्या विम्यात माझं नाव आहे हे मला तेव्हाच कळलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

डॉक्टरणीनं दोन गोष्टी बजावल्या. एक, अंगावर कुठं जखम, गळू, फोड असता कामा नये. "तारा थेट मणक्यात जातात, काका. जखमेतलं इन्फेक्शन त्या वाटेनं आत गेलं तर पाय जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो." आणि दुसरी, शेक घ्यायचा नाही. तिनं कापूस फिरवून बघितलं होतं. माझ्या नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर होता. "जो पाय दुखतोय तोच बधिर आहे. किती गरम आहे ते त्याला कळणार नाही."

दुखतंय ते कळतं आणि गरम तेवढं कळत नाही, असा कुठं पाय असतो काय? मी मान हलवली. ऐकलं नाही.

इकडं घरात दुसरंच चाललं होतं. लेकीनं रोह्याच्या फ्लॅटमधली एक खोली आमच्यासाठी रिकामी केली होती. शेत वाट्यानं द्यायचं, घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी तिकडं यायचं. "आई एकटीनं किती ओढणार? तुमाला उठवायला पन तीच, आनि वाल काढायला पन तीच?" लेक बोलली ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, "ह्या तारांचं होऊ दे. आग उतरली नाय तर पावसाआधी येतो. शब्द देतो."

बायको तिथंच शेंगा निवडत होती. "मी ऐकलाय," एवढंच म्हणाली.

म्हणजे माझं सगळं त्या तारांवर होतं. घर, शेत, सकाळी उठून स्वतःच्या बांधावर जायचं, सगळं. तारांची तारीख ठरली. त्याच्या आदल्या दिवशी पेणला शेवटची तपासणी. आणि त्याच्या आदल्या रविवारी लेकजावई पोपटीला आले.

आमच्याकडं वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावायची असते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी, वर परत पाला ठासायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं जमिनीवर पालथं मारायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ करायचा. झाकण उघडून बघायची सोय नाही. आत काय झालंय ते बाहेरूनच ओळखायचं. आमच्या आळीत ते मी ओळखतो. बरीच वर्षं मीच ओळखतो.

एरवी पोपटी काळोख पडल्यावर लागते. पण जावयाला रात्रपाळी होती, म्हणून आम्ही उतरत्या उन्हातच लावली. मला खाली बसता येत नव्हतं. जावयानं टोमॅटोचा क्रेट पालथा घालून दिला. मी म्हटलं, अजून पुढं सरकव. आणखी सरकव. जाळ लावणारा माणूस लांब बसून हुकूम सोडतो काय? मी चड्डीवर होतो. डावा पाय सरळ ठेवला तरच जरा बरं वाटायचं, तो मी लांब केला.

"मामा, पाय जाळाजवळ हाय," जावई म्हणाला.

"तुझ्या कंपनीत तू बघ. हितं मी बघतो."

"सेफ्टीवाला असता ना, तर तुमाला गेटाच्या बाहेर काढला असता."

लेक हसली. मीही हसलो. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी. जाळाच्या धगीनं कुल्ल्यातली, मांडीतली आग जरा निवल्यासारखी झाली होती. जावई दोनदा म्हणाला, झालं असेल, काढू या. मी म्हटलं, थांब. तांब्यातून पाणी घेऊन मडक्यावर शिंतडलं. पाणी ओघळलं. "बघ. नाय झाला." जाळ आणखी वाढवला. परत शिंतडलं. या वेळी थेंब चर्रर्र करून जागच्या जागी उडून गेले. "आता काढ."

शेंगा अशा उतरल्या की सोलताना दाणा आपला आपण हातात येत होता. जावयानं बोटं चाटली. मी त्या दिवशी मालक होतो.

अंगणात हातपाय धुताना बायकोनं माझ्या पायावर पाणी ओतलं आणि तांब्या तसाच हातात धरून राहिली.

"अवो, ह्ये काय?"

नडगीच्या बाहेरच्या बाजूला टरारून फुगलेला फोड होता. वालाच्या शेंगेपेक्षा लांब. त्याच्या खाली, घोट्याच्या वरच, आणखी एक, तो फुटलेला. कातडी पांढरी होऊन सुटली होती. मी बोट लावलं. बोटाला ओलं लागलं. पायाला काहीच लागलं नाही.

मला तेव्हा जी भीती वाटली ती ऑपरेशनच्या टेबलावरही वाटली नव्हती. तो पाय मला वर्षानुवर्षं झोपू देत नव्हता, चादर घासली तरी ओरडायचा. आणि त्याच पायाची कातडी मी जाळाजवळ भाजून काढली, तर तो गप्प. म्हणजे तो खोटं ओरडत होता आणि खरं झालं तेव्हा मुका बसला. मग आता त्याचं काय ऐकायचं?

लेकजावई मोटारसायकलवरून निघून गेले होते. बायको म्हणाली, "डॉक्टरणीला फोन लावते."

"नाय लावायचा."

"जखम असली तर करायचा नाय म्हनलीय ती."

"म्हनूनच नाय लावायचा. कोरफड लाव. चार दिवसांत सुकतंय."

"आनि नाय सुकला तर? जीव जाईल म्हनाली ती, पाय जाईल म्हनाली."

"आनि पुढं ढकलला तर? पावसाआधी नाय झाला तर? मी शब्द दिलाय गो. मग त्या खुराड्यात जाऊन बसायचं."

ती उठली. कोरफड कापून आणली, लावली, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. गाठ मारताना म्हणाली, "मी काय सांगनार नाय. तुमचं तोंड, तुमची पाठ. पन इचारलान तर खोटं पन बोलनार नाय."

चार दिवस मी पट्टी सोडून बघत होतो. सुकत नव्हतं. कडा लाल झाल्या होत्या आणि वास यायला लागला होता. साखरेचं माझं आधीच जेमतेम. मी मनाला सांगत होतो की तारा पाठीत घालणार आहेत, फोड पायाला आहे, मधे केवढं अंतर. आणि दर वेळी तिचं ते वाक्य आठवायचं. बायको समोरून जायची, पट्टीकडं बघायची, काही बोलायची नाही. मला वाटायचं, एकदाची भांड तरी.

पेणला जायच्या दिवशी मी लग्नकार्याची फुल पॅन्ट काढली. रिक्षात बसताना पॅन्ट जखमेला चिकटली असणार, कारण उतरताना कापडावर डाग दिसला. बायकोनं तिची पिशवी माझ्या पायापुढं धरली. इतकी वर्षं संसार केलेली बाई, खोटं बोलणार नाही म्हणाली होती, आणि डाग मात्र झाकत होती. मला माझीच लाज वाटली, पण मी आत गेलो.

डॉक्टरणीनं रक्तदाब बघितला, पाठ बघितली. "ताप? दात दुखतोय? कुठं जखम?"

"नाय."

बायको जमिनीकडं बघत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"ठीक आहे. परत एकदा कापूस लावून बघते, मग तारांनंतर फरक कळेल. डोळे मिटा. मी हात लावला की हो म्हणा. पॅन्ट राहू दे, पाऊल बघू."

मी डोळे मिटले. माझा विचार असा की पायाला सगळं कळतं असं दिसलं तर ती पॅन्ट वर करायला सांगणार नाही. उजव्या पायाला कापूस लागला, मी "व्हय" म्हटलं. परत लागला, "व्हय". मग डाव्याकडं आली. मी कान देऊन तिच्या बांगडीचा आवाज ऐकत होतो. बांगडी वाजली, "व्हय". परत वाजली, "व्हय". थोडं थांबून आणखी एकदा वाजली.

"व्हय."

पुढं बांगडी वाजेना. मी डोळे उघडले. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

"काका, मी हात लावलाच नव्हता."

ती रागावली नाही. माझ्या तोंडाकडं बघितलं, बायकोच्या पिशवीकडं बघितलं, आणि पॅन्ट वर केली. लुगड्याची पट्टी दिसली. तिनं ती सोडली आणि नाकानं एकदा श्वास घेतला.

"कशानं?"

बायको म्हणाली, "पोपटीनं."

"उद्या या पायानं मी तुमच्या मणक्यात सुई घातली असती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त लागलं. "तुम्ही दोन म्हणायचे, मी आठ धरून चालत होते. पण नाही ते आहे म्हटलंत तर मी कशावर चालू? आत काय चाललंय ते मला बाहेरून दिसत नाही. ते तुम्हीच सांगायचं असतं."

मी तरी म्हटलं, "उद्याचा उद्या होऊ दे. सही करतो. काय झालं तर माझं मी बघीन."

"तुमचं तुम्ही कसं बघाल? अंथरुणाला खिळून?"

तारीख गेली. जखम भरल्याशिवाय दुसरी देणार नाही म्हणाली. भरायला किती लागेल ते सांगता येत नाही. रोज ड्रेसिंग हवं, आणि ते आमच्या गावात होणार नव्हतं. त्याच संध्याकाळी जावई गाडी घेऊन आला आणि मी रोह्याला गेलो. जिथं जायचं नाही म्हणून खोटं बोललो, तिथंच. बायको आली नाही. वाल काढायचे होते.

फ्लॅटमध्ये मला काही कमी नव्हतं. तेच जड जात होतं. खिडकीतून धाटावच्या शिफ्टच्या बसेस दिसायच्या. एक शिफ्ट गेली की दुसरी यायची, त्यावरून मी दिवस ओळखायचो. ड्रेसिंगवाल्याकडं लेक घेऊन जायची. रोज सकाळी चहा देताना विचारायची, "बाबा, किती?" डॉक्टरणीनं तिला तसं सांगितलं होतं.

पहिले काही दिवस मी "हाय बरा" म्हणायचो. ती कप तसाच हातात धरून उभी राहायची. "बरा म्हंजे किती?" एका सकाळी सगळी रात्र बसून काढली होती, भांडायची ताकद नव्हती. म्हटलं, "आठ. पहाटे नऊ व्हता."

ती खाली बसली. रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. "बरं झालं सांगितलंत," म्हणाली आणि चहा दिला. आकाश काही कोसळलं नाही. त्या दिवसापासून मी खरा आकडा सांगायला लागलो. व्यायामाच्या बाईंनाही सांगितलं की मी थांबत नव्हतो. त्या म्हणाल्या, माहीत होतं. मग मी खरोखर दुखायच्या आधी थांबून बघितलं. जिन्यापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आणि परत, बस्स. पडून राहायचे दिवस कमी झाले.

होळी मी रोह्याच्या खिडकीतून बघितली. जखम भरत नव्हती. एकदा भरत आल्यासारखी झाली आणि परत चिघळली. पाऊस जवळ येत होता. बायको फोनवर वालाचं सांगायची, किती झोडले, किती राहिले. माझ्या शब्दाचं ती काढत नव्हती, मीही काढत नव्हतो. आंब्याचे दिवस आले तेव्हा कुठं खपली पडली आणि खाली गुलाबी कातडी दिसली. पेणला दाखवायला गेलो. मी जाऊन बसलो आणि तिनं काही म्हणायच्या आधी स्वतः पॅन्ट वर केली.

तारा घालताना माणसाला पुरतं झोपवत नाहीत, हे मला आधी नीट समजलं नव्हतं. पालथं निजवलं. पाठ बधिर केली, पण मी जागा. पालथं निजणं म्हणजे माझ्या पायाला सगळ्यात वाईट. सुई आत गेल्याचा दाब कळत होता. मग वीज सोडली आणि पाठीत मुंग्या आल्या.

"काका, मुंग्या कुठं येतात?"

"कमरेत."

"पायात? जिथं दुखतं तिथं?"

"नाय."

तार सरकली. पायात आग वाढत चालली होती. टेबलाची कड मी इतकी घट्ट धरली होती की बोटं दुखायला लागली.

"आता?"

"उजव्या मांडीत."

परत सरकली. "आता?"

"डाव्या मांडीत आल्या. पोटरीत नाय."

"दमलात का? इथंच ठेवू?"

एक 'व्हय' म्हटलं असतं की उठायला मिळालं असतं. जिभेच्या टोकावर होतं. सगळं अंग म्हणत होतं की म्हण. मी म्हटलं, "नाय. अजून खाली पायजे. पोटरीत कायच नाय."

किती वेळ गेला मला माहीत नाही. ती विचारायची आणि मी नाही म्हणायचो. जन्मभर ज्या माणसानं दुखतंय का विचारल्यावर नाही म्हटलं, तो आता बरं वाटतंय का विचारल्यावर नाही म्हणत होता. आणि मग एकदम कुल्ल्यापासून मांडी, पोटरी, नडगीपर्यंत पाणी सोडल्यासारख्या मुंग्या उतरल्या. आग होती, पण तिच्यावर कुणीतरी ओलं पोतं टाकल्यासारखं झालं.

"आली," मी म्हटलं. "आली पोटरीत. आता हलवू नको गो, तितंच ठेव."

डॉक्टरणीला मी 'गो' म्हटलं हे मला मागनं कळलं. सिस्टर हसत होत्या.

त्या आठवड्यात वाकायचं नव्हतं, वळायचं नव्हतं, काही उचलायचं नव्हतं. चालायचं होतं. मी म्हटलं, चालायचंच असेल तर माझ्या बांधावर चालीन. लेकीनं मला गावाला आणून सोडलं. कमरेला डबी, पाठीला चिकटपट्ट्या, आणि मागं बायको, अशी आमची वरात रस्त्यापासून शेतापर्यंत निघाली. शेत मोकळं होतं, वालाचा भुसा तेवढा कोपऱ्यात उरला होता. मी आंब्यापर्यंत गेलो आणि परत आलो. गेली कित्येक वर्षं त्या वाटेवर माझं लक्ष फक्त पायाकडं असायचं. त्या दिवशी दिसलं की शेजाऱ्यानं बांध थोडा आमच्याकडं सरकवलाय.

आठवड्यानं पेणला विचारलं, "किती?"

"चार."

"पाच," बायको म्हणाली. "वाटेत दोनदा थांबलेत."

"थांबलो ते दुखायच्या आधी. थांबायचंच असतं."

डॉक्टरणीनं या वेळी माझा आकडा लिहिला. फक्त माझा.

कायमची बॅटरी पावसाच्या तोंडावर बसली. आग गेलेली नाही. तिच्यावर ते ओलं पोतं आहे आणि ते मी रोज चार्ज करतो. उकिडवं अजून बसता येत नाही. लावणीला मी उतरलो नाही, निम्मं शेत वाट्यानं दिलं. घराला कुलूप मात्र लागलं नाही. लेकीनं रोह्याची खोली तशीच ठेवलीय. त्यावरून मी तिला काही बोलत नाही.

या थंडीत परत पोपटी लावली. जाळ पेटवायच्या आधी बायकोनं काठी घेतली आणि मडक्यापासून बऱ्याच लांब मातीत रेघ ओढली. माझा क्रेट रेघेच्या पलीकडं ठेवला.

"ह्याच्या आत पाय नाय."

"हितून पानी कसं शिंतडू?"

"फेका. हात चांगलं हायत ना?"

जावई पाठ करून हसत होता. मी ओंजळीत पाणी घेतलं आणि फेकलं. पहिलं मधेच पडलं. दुसरं मडक्यापर्यंत गेलं, पण आवाज आला नाही. पाऊल सरकलं असेल, कारण बायकोनं काठी रेघेवर आपटली. मी पाय मागं घेतला आणि परत पाणी घेतलं.